अडुळशाचा रस निघत नाही? आणि आणखी काही चुका

खोकल्यासाठी पहिल्यांदा अडुळशाची पानं मिक्सरला लावली तेव्हा हाती आला तो नुसता हिरवा चोथा. फडक्यात घालून पिळपिळ पिळला, चमचाभरही रस नाही. पाणी घालून वाटलं, तर नुसतं हिरवं पाणी. जुन्या वैद्यांना ही अडचण माहीत होती, म्हणून त्यांनी पुटपाक सांगितला: पानांचा वाटलेला गोळा वडाच्या किंवा जांभळाच्या पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा लेप द्यायचा आणि माती लाल होईपर्यंत निखाऱ्यात भाजायचा. फ्लॅटमध्ये कुठले आलेत निखारे! इडलीपात्रात पानं दहा मिनिटं वाफवा, मऊ पडली की कुटून गरम गरमच पिळा. गडद, कडूजहर रस निघतो.

कडू लागतो म्हणून उकळत्या काढ्यातच मध ओतू नका. आयुर्वेदात तापवलेला मध वर्ज्य आहे. वासावलेहातसुद्धा (वासा म्हणजे अडुळसा, अवलेह म्हणजे चाटण) मध अवलेह थंड झाल्यावरच घालतात. मधुमेह असेल तर त्या अवलेहातली साखर लक्षात घ्या.

पान नीट ओळखा. वाळलेल्या मालात महारुख नावाच्या झाडाची पानं मिसळलेली सापडतात. महारुखाच्या पर्णिकेची (संयुक्त पानातल्या छोट्या पानाची) कड दातेरी असते, अडुळशाचं पान भाल्याच्या पात्यासारखं, कडेला सपाट, आणि फांदीवर समोरासमोर. थंडीत कुंपणावर जांभळ्या रेघांची पांढरी, जबडा उघडल्यासारखी फुलं दिसली की शंकाच उरत नाही. ‘सिंहास्य’ हे त्याचं संस्कृत नाव त्यावरूनच पडलं.

सगळ्यात जास्त चुकतं ते खोकला ओळखण्यात. अडुळसा कफ सुटायला मदत करतो. कोरड्या ढासेत नुसता अडुळसा पीत राहून घसा अजून कोरडा पडल्याची तक्रार मी घरातच ऐकली आहे. तिथे वैद्य ज्येष्ठमधासारखं काही स्निग्ध सोबत देतात. अडुळशाच्या पानातल्या व्हॅसिसीन या घटकावरूनच पुढे ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झालं आणि त्यातून अँब्रॉक्सॉल. म्हणून डॉक्टरांनी त्यातलं सिरप दिलं असेल, तर घरी काढा चालू आहे हे त्यांना सांगा. व्हॅसिसीनने गर्भाशय आकुंचन पावतं, त्यामुळे गरोदरपणी अडुळसा नकोच, ‘घरगुती आहे’ म्हणूनही नको.

एक जुना श्लोक विचारतो: वासा हाताशी आहे, जगण्याची आशा आहे, मग रक्तपित्ताचा (अंगातून रक्त पडण्याच्या विकाराचा), क्षयाचा, खोकल्याचा रोगी खचतो कशाला? श्लोक धीराचा आहे, पण तो रचणाऱ्याकडे थुंकी तपासायला सूक्ष्मदर्शक नव्हता. खोकला दोन आठवड्यांवर गेला, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतंय, तर काढा बाजूला ठेवून क्षयाची तपासणी करून घ्या; सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. थुंकीत रक्त दिसलं तर दोन आठवडेही थांबू नका.