फास्ट वाइड अँगल प्राइम लेन्स निवडताना: आधी अंतर, मग अ‍ॅपर्चर

दुकानात पाय ठेवल्यावर पहिला प्रश्न येतो तो 'एफ/१.४ घ्यायची की एफ/१.८?' हा. (प्राइम म्हणजे झूम न होणारी लेन्स. एफचा आकडा लेन्सचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती उघडतं ते सांगतो: आकडा जितका लहान तितका जास्त उजेड आत येतो, आणि अशा लेन्सला फास्ट म्हणतात.) खरं तर तो दुसरा प्रश्न. पहिला असा: तुम्ही आणि तुमचा विषय यांच्यामध्ये सहसा किती फूट जागा असते? मुंबईत ती नसतेच, म्हणून तर वाइड लेन्स लागते. पण किती वाइड, हे अंदाजाने ठरवू नका. त्याचा हिशोब तोंडी करता येतो.

फुल फ्रेम सेन्सर, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, ३६ मिमी रुंद असतो. ३६ला फोकल लेंथने, म्हणजे लेन्सवर लिहिलेल्या मिमीच्या आकड्याने, भागा आणि आलेल्या आकड्याने अंतर गुणा. कॅमेरा आडवा धरल्यावर चौकटीत तेवढी रुंदी मावते, उभा धरला तर तेवढी उंची. ३५ मिमीला हे माप अंतराएवढंच येतं, २८ला सव्वापटीच्या थोडं वर, २४ला दीडपट, २०ला १.८ पट. चाळीतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभं राहिल्यावर समोरची भिंत ८ फुटांवर असेल, तर ३५ने तिचा ८ फुटांचा तुकडा मिळतो, २४ने १२ फुटांचा. घरगुती गणपती आणि बाजूला बसलेलं अख्खं कुटुंब एका चौकटीत बसवायचं तर हा ४ फुटांचा फरक फार मोठा असतो.

मंडपातली १८ फुटी मूर्ती घ्या. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे ५ फुटांवर, आणि अगदी सरळ धरला आहे. मुकुटापर्यंत वर १३ फूट हवेत, म्हणजे चौकट एकूण २६ फूट उंच लागणार. २४ मिमीने त्यासाठी सव्वासतरा फूट मागे जावं लागेल, २०ने साडेचौदा फूट, ३५ने पंचवीस फूट. भर गर्दीत पंचवीस फूट मोकळी जागा व्हीआयपी पासवाल्यालाही मिळत नाही. मग लोक जवळूनच कॅमेरा वर वाकवतात, की लगेच मूर्ती मागे कलते, पाय अवाढव्य दिसतात आणि मुकुट बारीक होतो. सॉफ्टवेअरने ते सरळ करता येतं, पण कडा कापल्या जातात, म्हणून दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडूनच फोटो काढा. त्याहून चांगला उपाय म्हणजे मोनोपॉड. कॅमेरा त्यावर लावून ९ फुटांवर उचलला तर वर ९ आणि खाली ९ फूट, चौकट नेमकी १८ फुटांची, आणि २४ मिमीने १२ फूट अंतरात काम भागतं. इथे थोडी ढील हवी म्हणून १३ फूट धरा.

क्रॉप सेन्सरवाल्यांनी (ज्यांचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान आहे) लेन्सवरच्या आकड्याला निकॉन, सोनी, फुजीवर १.५ने, कॅननवर १.६ने आणि मायक्रो फोर थर्ड्सवर २ने गुणायचं आणि मग वरचा हिशोब लावायचा. इथे एक गफलत वारंवार होते. निकॉनच्या डीएक्स, म्हणजे क्रॉप सेन्सरच्या, बॉडीसाठी ३५ मिमी एफ/१.८ 'वाइड' समजून घेतली जाते. डीएक्सवर ती ५२ मिमीसारखी दिसते, म्हणजे नॉर्मल लेन्स. उत्तम आहे, पण वाइड नाही. डीएक्सवर २४ मिमीचा नजारा हवा असेल तर १६ मिमीची लेन्स लागते.

अजूनही ठरत नसेल तर किट झूम (कॅमेऱ्यासोबत मिळालेली झूम लेन्स) २४वर (क्रॉपवर १६वर) नेऊन रिंगला सेलोटेपचा तुकडा चिकटवा आणि एक रविवार तशीच वापरा. प्रत्येक फोटो नंतर कापावासा वाटला तर तुम्ही २८ किंवा ३५चे गिऱ्हाईक आहात. पाठ सतत भिंतीला टेकत असेल तर २० बघा. त्याच्याही खाली १४ मिमी जपूनच घ्या. चौकटीच्या बाहेरच्या तिसऱ्या भागात आलेले चेहरे २४लाच ताणलेले दिसतात. १४ला काकू ओळखू येत नाहीत, आणि त्या ते बोलूनही दाखवतात.

आता अ‍ॅपर्चर

दिव्यांनी उजळलेल्या मिरवणुकीच्या रस्त्यावर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० ठेवून किट लेन्सच्या एफ/३.५ला १/४० सेकंदाचं शटर मिळत असेल, तर तेवढ्याच उजेडात एफ/१.८ला १/१६० आणि एफ/१.४ला १/२५० मिळतं. पहिली उडी जवळपास दोन स्टॉपची आहे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड). १/४०ला नाचणारे हात पुसले जातात, १/१६०ला बहुतेक वेळा टिकतात. दुसरी उडी फक्त दोन तृतीयांश स्टॉपची, आणि किमतीतली सर्वांत मोठी उडी नेमकी तिथेच असते. आमचं मत स्पष्ट आहे: तारे किंवा अंधारातली हलणारी माणसं हे तुमचं मुख्य काम नसेल तर एफ/१.८ घ्या आणि उरलेल्या पैशात चांगला ट्रायपॉड बघा.

'बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे, मग फास्ट लेन्स कशाला?' असंही विचारलं जातं. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा थरकाप थांबवतं, समोर थरावरून कोसळणारा गोविंदा नाही. त्याला १/५०० लागतंच.

'पूर्ण उघडलं तर सगळंच धूसर होईल' ही भीती वाइड लेन्सला तितकीशी लागू होत नाही. फुल फ्रेमवर ३ मीटरवर फोकस केला तर ३५ मिमी एफ/१.४ला साधारण २.७ ते ३.३ मीटरपर्यंत स्पष्ट येतं. त्याच ठिकाणी २४ मिमीला हीच पट्टी २.५ ते ३.८ मीटर होते. ढोलपथकातल्या दोन रांगा तीत बसतात.

कोपरे

मध्यभागी आजकालची जवळपास कुठलीही प्राइम खणखणीत असते. पैसे कशाचे आहेत ते कोपऱ्यांत कळतं. मुख्य दोष कोमा. कोपऱ्यातल्या दिव्याचा ठिपका गोल न राहता पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा दिसतो. मरिन ड्राइव्हच्या दिव्यांची रांग चौकटीच्या कडेपर्यंत जाते, तेव्हा शेवटचे सगळे दिवे उडायला निघालेले दिसतात. एफ/२.८ला कोमा बराच आवरतो, पण रात्री नेहमी एफ/२.८वरच यावं लागत असेल तर एफ/१.४चे पैसे कशासाठी मोजले?

दुसरा दोष कोपऱ्यातला अंधार. फास्ट वाइड लेन्सला पूर्ण उघडल्यावर तो दोन स्टॉपचा असणं नवलाचं नाही. सॉफ्टवेअरमध्ये त्या लेन्सचं दुरुस्तीचं प्रोफाइल लावलं की तो जातो, पण आयएसओ ३२००च्या फोटोचे कोपरे मग १२८००सारखे खरखरीत होतात. काही छोट्या, स्वस्त मिररलेस लेन्समध्ये वाकडेपणाही सॉफ्टवेअरनेच सरळ केलेला असतो. कॅननच्या आरएफ (त्यांच्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या) १६ मिमी एफ/२.८ आणि २४ मिमी एफ/१.८ या तशाच. फिरायला, घरच्या समारंभाला काहीच अडत नाही. इमारतींचे मोठे प्रिंट काढायचे असतील तर ताणलेले कोपरे आधी मॉनिटरवर १०० टक्क्यांवर बघून घ्या.

कुठली बघावी

सोनी फुल फ्रेमला २० मिमी एफ/१.८ जी ही ३७३ ग्रॅमची आणि २४ मिमी एफ/१.४ जीएम ही ४४५ ग्रॅमची. दोन्हींना ६७ मिमीचा फिल्टर बसतो. लोकलच्या गर्दीत दिवसभर खांद्यावर वागवायची असेल तर वजनाचा हा आकडा कुठल्याही शार्पनेस चार्टपेक्षा महत्त्वाचा. निकॉन झेडला (निकॉनचे मिररलेस कॅमेरे) २४ मिमी एफ/१.८ एस, वजन ४५० ग्रॅम. कॅनन आरएफला वर सांगितलेली २४ मिमी एफ/१.८ फक्त २७० ग्रॅमची, तिच्यात स्टॅबिलायझेशन आहे आणि अर्ध्या आकारापर्यंत मॅक्रोही. क्रॉप सेन्सरला सिग्मा १६ मिमी एफ/१.४ बऱ्याच माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स आणि बॉडी यांचा सांधा) मिळते. ती मोठी आहे, सुमारे ४०० ग्रॅम, पण त्या पैशात एवढा उजेड दुसरीकडे अवघड. फुजीवाल्यांकडे स्वतःची १६ मिमी एफ/१.४ आहे.

जुनी लेन्स घेणार असाल तर माउंट नीट तपासा. निकॉनच्या एएफ-डी लेन्समध्ये मोटर नसते, त्यामुळे डी३५०० किंवा डी५६००वर त्यांचा फोकस हातानेच करावा लागतो, आणि एफटीझेड अडॅप्टर लावूनही झेड बॉडीवर तेच. कॅननच्या ईएफ लेन्स मात्र अडॅप्टरने आरएफ बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात.

बोरा बाजारात काउंटरवर

फोर्टात सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारात नव्या-जुन्या लेन्स एका फेरीत हाताळता येतात. स्वतःची बॉडी, रिकामं कार्ड आणि चार्ज केलेली बॅटरी घेऊन जा. भाव करायच्या आधी तपासणी.

मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून तिरका मारा आणि अ‍ॅपर्चर उघडं ठेवून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात हा सर्रास आढळणारा रोग. दोन-चार धुळीचे कण असतील तर सोडून द्या, फोटोत ते दिसत नाहीत. पण बुरशी असेल तर भाव कितीही पाडला तरी लेन्स परत ठेवा. फिल्टरच्या आट्यांवर दबल्याची खूण असेल तर लेन्स पडलेली आहे असं धरून चाला.

मग दुकानाच्या दारात या. रस्त्यापलीकडच्या इमारतीवरची एखादी बारीक अक्षरांची पाटी निवडा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, शटर १/१०००च्या आसपास. पाटी मध्यभागी घेऊन फोकस करा, फोकस मॅन्युअलवर टाका, आणि तीच पाटी एकेक करून चारही कोपऱ्यांत नेऊन फोटो काढा. स्क्रीनवर मोठं करून चारही कोपरे एकमेकांशी ताडून बघा. चारही सारखेच मऊ असतील तर पाटी कोपऱ्यात ठेवूनच पुन्हा फोकस करा. आता ती स्पष्ट आली तर फोकसचं प्रतल वक्र आहे. तो त्या डिझाइनचा स्वभाव, तुमच्या नगाचा दोष नाही. तीन कोपरे बरे आणि एकच पुसट असेल तर आतली काच सरकलेली आहे, दुसरा नग मागा. नव्या सीलबंद डब्यातही असा नग निघतो.

घेताना जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर लेन्सचा सिरीयल नंबर लिहून घ्या. 'बिल नको, दोन हजार कमी करतो' म्हणणाऱ्या दुकानातली लेन्स कंपनीच्या भारतातल्या वॉरंटीत बसत नाही, आणि एक मोटर बदलायची वेळ आली की ते दोन हजार व्याजासकट निघून जातात.

हमखास अडणाऱ्या गोष्टी

फोटोत आडवे पट्टे आले तर लेन्सला दोष देऊ नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फास्ट लेन्स मिळाली म्हणून १/५०० वापरायला लागलात की हे उघड होतं. मेकॅनिकल शटर लावा आणि १/१०० किंवा १/५०वर या.

भर दुपारी एफ/१.४ वापरायचं तर आयएसओ १००लाही शटर १/१२८००च्या आसपास लागतं. बऱ्याच बॉडींचं मेकॅनिकल शटर १/४००० किंवा १/८०००वर थांबतं. उजेड तीन स्टॉप कमी करणारा एनडी८ फिल्टर जवळ ठेवा. समोरची काच फुगीर असलेल्या १४ मिमी लेन्सला पुढून फिल्टर बसत नाही, हेही निवडतानाच लक्षात असू द्या.

एसी टॅक्सीतून दमट हवेत उतरलं की काचेवर वाफ धरते. पुसू नका. उतरण्याआधीच लेन्स बॅगेत बंद करा आणि २० मिनिटांनी काढा. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्के राखा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतं.

भंडारदऱ्याला ताऱ्यांसाठी जाणार असाल तर ५००ला फोकल लेंथने भागून येणारा वेळ (२४ला २० सेकंद) जुन्या हिशोबाचा आहे. आजच्या दाट सेन्सरवर १० ते १२ सेकंदांच्या वर तारे रेघा ओढतात. फोकस रिंगवरच्या अनंत खुणेवर विसंबू नका. ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून तो सर्वांत बारीक दिसेपर्यंत रिंग फिरवा. बऱ्याच मिररलेस लेन्स कॅमेरा बंद केला की हा फोकस विसरतात, म्हणून बॅटरी बदलल्यावर तो पुन्हा करावा लागतो.