रंग लाइटखाली बघा: बालनाट्याच्या रंगभूषेची तयारी

गेल्या मे महिन्यात पक्ष्यांच्या एका बालनाट्यात मी 9 मुलांचे चेहरे रंगवले. मेकअप रूममधल्या ट्यूबलाइटखाली पोपट असा हिरवागार दिसत होता की त्याची आई फोटो काढून थकेना. मग वणव्याचा प्रवेश आला, लाल लाइट पडला आणि पोपटाचं तोंड काळंठिक्कर झालं. मोराचा निळाही काळा. माळढोकाच्या पांढऱ्या गालावर काढलेली लाल फुलं तर दिसेनाशीच झाली. पुढच्या रांगेतलं एक लेकरू घाबरून रडायला लागलं. पोपट झालेला मुलगा विंगेत येऊन मला विचारतो, "मावशी, माझं काही चुकलं का?" त्याचं काहीच चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं. यंदा रंगवायला बसणाऱ्यांसाठी म्हणून हे लिहिते.

रंग लाइटखाली बघा. नुसत्या लाल उजेडात हिरव्या रंगाला परतवायला हिरवा उजेडच नसतो, म्हणून तो काळा दिसतो. लाल आणि पांढरा मात्र तो उजेड सारखाच परतवतात, म्हणून एकमेकांत विरून जातात. एलईडी पार, म्हणजे एलईडीचे स्टेजलाइट असतील तर हे जास्तच जाणवतं. कोणत्या प्रवेशाला कोणता लाइट आहे, हे लाइटवाल्या दादांना तालमीतच विचारून वहीत लिहून घ्या. थिएटर आधी मिळत नसेल तर स्टेशनरीच्या दुकानातून लाल आणि निळा जिलेटीन पेपर आणा, दुहेरी घडी करून मोबाइलच्या टॉर्चवर धरा, खोलीत अंधार करा आणि हातावर रंगाचे पट्टे ओढून बघा. मी परवा बघितलं. गडद हिरवा पार बुडाला, पण भरपूर पिवळा घातलेला पोपटी बराच उजळ राहिला. लाल चोचीला काळी कड दिल्यावर ती चोच म्हणून ओळखू आली. ही 10 मिनिटं मी गेल्या वर्षी काढली नाहीत.

रंग चेहऱ्याचेच घ्या. पोस्टर कलर, ॲक्रिलिक, रंगपंचमीचे उरलेले रंग, काही म्हणजे काही नको. डबीवर 'बिनविषारी' लिहिलेलं असलं तरी तो रंग कागदासाठी असतो. क्राफ्टची चमकी डोळ्यांजवळ अजिबात नको, तिचे कण बुबुळाला ओरखडा काढतात. आदल्या दिवशी प्रत्येकाच्या कानामागे ठिपका लावून 24 तास बघा. डोळे आलेत किंवा ओठावर पुरळ आहे, अशा मुलाला रंगवू नका, मुखवटा द्या. रडला तरी. स्पंज ज्याचा त्याला.

आपल्याकडचा मे म्हणजे चाळिशीच्या वर. वॉटर बेस, म्हणजे पाण्यात कालवायचा रंग घामाने ओघळतो आणि ग्रीस पेंटवर, म्हणजे तेलकट रंगावर पावडर दाबली नाही तर गालावरचा रंग कॉलरवर उतरतो. थर पातळच द्या. पावडर थोपटून लावा, घासू नका. वॉटर बेसचा स्पंज घट्ट पिळलेला हवा, पाणी जास्त झालं की पट्टे उमटतात. फिका रंग आधी, गडद नंतर, काळा सगळ्यांत शेवटी. माळढोकाच्या नराची मान पांढरी आणि डोक्यावर काळी टोपी असते. ती टोपी भुवयांपर्यंत ओढू नका, नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जाऊन आलेली मुलं लगेच चूक दाखवतात, आणि दाखवायलाच हवी.

एका चेहऱ्याला 20 मिनिटं धरा, म्हणजे 9 मुलांना 3 तास. शेंगाचटणी-भाकरी जे काय असेल ते रंगवायच्या आधी खाऊ घाला. सगळ्यांत धाकटं शेवटी घ्या, ते तोंड पुसतंच.

पहिला चेहरा झाला की हात थांबवा. त्या मुलाला स्टेजवर उभं करा, वणव्याचा लाल लाइट लावायला सांगा आणि शेवटच्या रांगेत जाऊन बघा. पुढचे 8 चेहरे त्यानंतरच. घाई असली तरी. घाईतच मी चुकले.

उतरवायला खोबरेल, मग साबण. टॉवेल जुना, गडद रंगाचा. लाल रंगाचा डाग एखादा दिवस राहू शकतो, घरी आधीच सांगून ठेवा. आरसा, कापूस, पिना, कचऱ्याची पिशवी. जिलेटीन पेपर आजच आणा.