सेन्टेन्स इम्प्रूव्हमेंटचे प्रश्न कसे सोडवायचे, सोलापूरकडच्या पोरापोरींसाठी

स्पर्धा परीक्षेच्या या प्रश्नात इंग्रजी वाक्यातला थोडा भाग ठळक केलेला असतो, तो चुकला असेल तर सुधारायचा, खाली तीन पर्याय असतेत आणि चौथा असतो "नो इम्प्रूव्हमेंट", बँकेच्या पेपरात अशा शेवटच्या पर्यायाला "नो करेक्शन रिक्वायर्ड" म्हणतेत. एसएससी सीजीएलच्या (केंद्र सरकारच्या नोकऱ्यांची परीक्षा) टियर 1 ला, म्हणजे पहिल्या टप्प्याला, 60 मिनिटांत 100 प्रश्न, त्यात इंग्रजीचे 25, प्रत्येकाला 2 मार्क आणि चुकलं की 0.50 कट. आयबीपीएस पीओच्या (बँकेतल्या अधिकाऱ्यांची भरती) प्रीलिम्सला, म्हणजे पूर्वपरीक्षेला, इंग्रजीचे 30 प्रश्न 20 मिनिटांत उरकायचे असतेत, 2023 च्या तलाठी भरतीत पण 25 प्रश्न म्हणजे 50 मार्क इंग्रजीचेच होते. गणितात दिवसरात्र घासायचं आणि इंग्रजी देवावर सोडायचं, हे बघून खरंच वाईट वाटतंय, कारण या प्रश्नांना पाठांतर कमी लागतंय आणि पद्धत जास्त.

आपली पोरं कुठं अडकतेत तर ती चारही पर्याय मनात वाचतेत आणि कानाला जो बरा वाटतो तो टिक करतेत. आता आपल्याकडं घरात तेलुगू, गल्लीत मराठी, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, इंग्रजी फक्त शाळेच्या तासाला ऐकलेली, मग कान कुठून तयार होणार? म्हणून कानाला विचारायचं नाही, खालच्या क्रमानं तपासायचं.

पहिलं काम: पर्यायांत फरक काय आहे ते बघा. वाक्य पूर्ण समजायच्या आधीच हे करा, दोन सेकंद लागतेत. हे वाक्य घ्या: "डॉक्टर कोटणीस हॅज गॉन टू चायना इन 1938." ठळक भाग "हॅज गॉन टू", पर्याय "वेंट टू", "गोज टू", "हॅड बीन गोइंग टू" आणि नो इम्प्रूव्हमेंट. क्रियापद सगळीकडं तेच, फक्त काळ बदलतोय, म्हणजे पेपर काढणाऱ्याला तुमचा टेन्स तपासायचाय, मग बाकी सगळं सोडून वाक्यात वेळ सांगणारा शब्द शोधायचा. इथं "इन 1938" आहे, ठराविक गेलेली वेळ आली की हॅज-हॅव चालत नाही, साधा भूतकाळच लागतो, उत्तर "वेंट टू". आपल्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस खरोखरच 1938 ला चीनला गेले होते, त्यामुळं हे वाक्य आणि त्याच्यासोबत हा नियम डोक्यात बसतो. तसंच पर्यायांत "टू, दॅन, फ्रॉम" असं काही बदलत असेल तर प्रश्न प्रिपोझिशनचा, "इज, आर, हॅज, हॅव" बदलत असेल तर कर्त्याचा. फरकच तुम्हाला सांगतो की कुठला नियम काढायचा.

दुसरं: क्रियापद पकडा आणि त्याचा खरा कर्ता शोधा. "द डिमांड फॉर सोलापुरी चादर्स हॅव इन्क्रीज्ड." इथं क्रियापदाला चिकटून "चादर्स" आहे म्हणून "हॅव" बरोबर वाटतंय, पण वाढलंय काय? डिमांड. ते एकच आहे म्हणून "हॅज". कर्ता आणि क्रियापदाच्या मध्ये "ऑफ", "फॉर", "अलाँग विथ", "अ‍ॅज वेल अ‍ॅज" असलं काही घुसवलेलं असलं की तेवढा तुकडा पेन्सिलनं कंसात टाका, कॉम्प्युटरवर असाल तर मनात टाका, आणि उरलेलं वाक्य वाचा. "वन ऑफ द" नंतर नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी, "वन ऑफ द वीव्हर्स हॅज लेफ्ट". "आयदर-ऑर", "नायदर-नॉर" ला मात्र क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणं चालतंय.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: जो भाग ठळक नाही तो बदलता येत नाही. हे सगळ्यांना माहीत असतंय पण पेपरात कुणी वापरत नाही. बघा, "नो सूनर हॅड द हुतात्मा एक्सप्रेस लेफ्ट सोलापूर व्हेन इट स्टार्टेड रेनिंग." चूक आहे हे नक्की, कारण "नो सूनर" ची जोडी "दॅन" शी. पण उत्तर काय? ठळक भाग "व्हेन इट" असेल तर "दॅन इट". आणि ठळक भाग सुरुवातीचा "नो सूनर हॅड" असेल तर शेवटच्या "व्हेन" ला हात लावता येत नाही, मग सुरुवातच बदलायची, "हार्डली हॅड", कारण हार्डलीची जोडी व्हेनशी. वाक्य तेच पण उत्तरं दोन. ज्यानं नियम पाठ केला पण ठळक भाग नीट बघितला नाही त्याचे मार्क इथं जातेत, आणि नियम येत असून मार्क जाणं फार लागतंय मनाला. म्हणून ठळक नसलेला भाग दोनदा वाचा, उत्तराची खूण तिथंच ठेवलेली असते. "सिन्स 2015" दिसलं तर "हॅज बीन वर्किंग" सारखं काहीतरी, पुढं "वुड हॅव पास्ड" दिसलं तर "इफ" नंतर "हॅड स्टडीड", तिथं "वुड हॅव" टाकायचं नाही.

चौथं: क्रियापदाचं रूप. हे सरळ पाठ करावं लागतंय पण यादी लहान आहे. "लुक फॉरवर्ड टू", "अ‍ॅकस्टम्ड टू", "विथ अ व्ह्यू टू" यांच्यानंतर आयएनजी लावायचं, "टू" दिसलं म्हणून साधं रूप लावू नका. "हॅड बेटर" नंतर, कॅन-शुड-मस्ट नंतर आणि "मेड मी", "लेट मी" नंतर साधं रूप, मध्ये "टू" नको.

पाचवं, प्रिपोझिशन. आपण "विषयावर चर्चा करतो" म्हणून हात आपोआप "डिस्कस अबाउट" लिहितो, पण डिस्कसला पुढं काही लागत नाही. "मॅरीड टू" म्हणायचं, विथ नाही. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रेफर यांना "टू" लागतो, दॅन नाही. एवढं तरी करून ठेवा, बाकीचे वाचता वाचता येतील.

सहावं: कधीकधी व्याकरण सगळ्यांचं बरोबर असतंय. बँकेच्या पेपरात हे जास्त. "द मीटिंग हॅज बीन कॉल्ड ऑफ टिल मंडे." "कॉल्ड ऑफ" मध्ये व्याकरणाची काहीच चूक नाही, पण त्याचा अर्थ रद्द झाली, आणि रद्द झालेली मीटिंग सोमवारपर्यंत कशी काय असेल? पुढं ढकलली, म्हणून "पुट ऑफ". इथं नियम शोधत बसला तर वेळ जातो, अर्थ बघा. बँकेत अजून एक प्रकार येतो, तीन पर्याय देऊन "ओन्ली वन" (फक्त पहिला), "बोथ वन अँड टू" (पहिला आणि दुसरा दोन्ही) असं विचारतेत, तिथं एक बरोबर सापडला की थांबू नका, तिन्ही वाक्यात बसवून बघा.

नो इम्प्रूव्हमेंटची भीती काढून टाका. प्रश्न विचारलाय म्हणजे चूक असणारच असं धरून पोरं चांगलं वाक्य बिघडवून येतेत. कर्ता-क्रियापद जुळलं, काळ जुळला, जोडशब्द आणि प्रिपोझिशन जुळले, अर्थ लागला, तर बिनधास्त नो इम्प्रूव्हमेंट टिक करा आणि पुढं चला.

सरावासाठी जुने पेपर घ्या, आणि मार्क मोजून वही बंद करू नका. वहीत पानं नियमाप्रमाणं पाडा, एक पान कर्ता-क्रियापदाचं, एक काळाचं, एक प्रिपोझिशनचं, एक अर्थाचं, आणि चुकलेलं प्रत्येक वाक्य त्याच्या पानावर पूर्ण लिहा, ठळक भागाखाली रेघ मारून. पंधरा-वीस दिवसांत कुठलं पान सगळ्यात जास्त भरतंय ते दिसतंच, मग तेवढाच नियम घेऊन बसा. अभ्यासिकेत मित्रमैत्रिणी सोबत असतील तर उत्तर विचारू नका, "कुठल्या शब्दावरून कळलं" हे विचारा, ज्याला तो शब्द दाखवता येत नाही त्याचं उत्तर बरोबर असलं तरी तो प्रश्न परत सोडवायला लावा.

पेपरात अशा एका प्रश्नाला तीस-पस्तीस सेकंदांपेक्षा जास्त देऊ नका. दोन पर्याय नक्की चूक म्हणून कटले असतील तर उरलेल्या दोघांतला एक टिक करणं फायद्याचं आहे, अर्धा मार्क जायची भीती असली तरी हिशोब तुमच्याच बाजूनं राहतो. आणि एसएससीचा पेपर झाला की आन्सर की (बरोबर उत्तरांची यादी) सोबत तुमची रिस्पॉन्स शीट, म्हणजे तुम्ही टिक केलेली उत्तरं, वेबसाइटवर येते, ती थोडेच दिवस राहते, तेव्हा लगेच डाउनलोड करा आणि चुकलेले इंग्रजीचे प्रश्न त्याच दिवशी त्या वहीत उतरवून घ्या.