फ्लीट मॅनेजरच्या, म्हणजे ट्रकचा ताफा सांभाळायच्या नोकरीच्या, इंटरव्ह्यूला जाताय? आधी एका ट्रिपचा हिशोब करून बघा

"टेल मी अबाउट युवरसेल्फ" पाठ करून जाऊ नका, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ते दोन मिनिटांत आटपतं. माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूला कळंबोलीत शेठनी बायोडेटा पालथा ठेवला आणि एक ट्रिपशीट पुढ्यात सरकवली. भिवंडी-नागपूर-भिवंडी, 1600 किलोमीटर, डिझेल 460 लिटर. म्हणाले, गाडीला चारचं ॲव्हरेज धरलंय, बोला. मी लगेच हुशारी केली, 400 लागायला हवं होतं, 60 लिटर ड्रायव्हरने विकलं. शेठ नुसते हसले. येताना गाडी रिकामी होती का भरलेली, हे मी विचारलंच नव्हतं! रिटर्न लोड होता, आणि ती गाडी भरलेली साडेतीनच देते, म्हणजे 457 लिटर, हिशोब चोख. नोकरी अर्थातच मिळाली नाही.

तर असा कागद पुढे आला की आधी प्रश्न विचारा. लोड किती टन, कसारा घाट चढली का, दोन्ही वेळा टाकी फुल करून मोजलं का, पार्टीकडे (माल घेणाऱ्याकडे) खाली व्हायला किती दिवस उभी होती आणि इंजिन चालू होतं का, टायरमधे हवा किती होती. चोरी होतेच, नाही म्हणत नाही, पण सगळं तपासून मगच ड्रायव्हरचं नाव घ्या.

दुसरा हमखास प्रश्न, रात्री दोनला ड्रायव्हरचा फोन आला गाडी बंद पडलीय, काय कराल? बरेच जण थेट मेकॅनिकवर जातात. आधी विचारा तू बरा आहेस ना, गाडी रोडच्या कडेला घेतली का, मागे रिफ्लेक्टर लावलास का, मग लोकेशन आणि मग मेकॅनिक. आणि इथे ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदत उशिरामुळे संपेल का ही गोष्ट काढलीत तर समोरचा सरळ होऊन बसतो: साध्या मालाला 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे नागपूरला 800 धरले तर चार दिवस, आणि मुदत वाढवायची तर संपायच्या आधी 8 तास ते नंतर 8 तास एवढीच खिडकी.

ओव्हरलोडचा प्रश्न जरा अवघड, कारण विचारणारा मालकच असतो. भाषण देऊ नका, आकडा सांगा. कायद्यात 20,000 दंड आणि वर जास्तीच्या दर टनाला 2,000, म्हणजे तीन टनाला 26,000, शिवाय जास्तीचा माल उतरवायचा खर्च वेगळा. भाड्यात एवढं सुटतं का ते त्यांनाच ठरवू द्या.

पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी), इन्शुरन्स, परमिट, पीयूसीच्या तारखा कशा सांभाळता हेही विचारतील. नवी गाडी आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी पासिंगला जाते, नंतर दरवर्षी, एवढं तोंडावर असू द्या. एक्सेल येतं म्हणालात तर लॅपटॉप पुढे करतात, तेव्हा खरंच येत असेल तरच म्हणा.

पगाराच्या आधी तुम्ही विचारायचं ते असं: स्वतःच्या गाड्या किती आणि मार्केटच्या, म्हणजे बाहेरून भाड्याने घेतलेल्या, किती, ड्रायव्हरचा ॲडव्हान्स कोण मंजूर करतं, रात्रीचे फोन एकट्यानेच घ्यायचे का. शेवटच्या प्रश्नाला हसून "हो तुम्हीच" म्हणाले, तर पगार मनात ठरवलाय त्यापेक्षा वाढवून सांगा.