नागपुरात ब्लॅक वेल्वेट अलोकेशिया: घरात वाढवताना या चुका टाळा

ब्लॅक वेल्वेट अलोकेशिया जुलै-ऑगस्टमध्ये घरी आणलं की दिवाळीपर्यंत नजर लागावी असं वाढतं. काळपट हिरवी, हाताला मखमलीसारखी लागणारी पानं आणि त्यांवर उठून दिसणाऱ्या पांढऱ्या शिरा. उंची जेमतेम फूट-दीड फूट, त्यामुळे टेबलावरही मावतं. मग डिसेंबर उजाडतो आणि एकेक पान पिवळं पडू लागतं. त्यातून वाचलंच तर मे महिन्यात कडा करपतात. हे झाड नागपूरच्या हवेत टिकतच नाही, असं मग लोक ठरवून टाकतात. ते इथे नक्की टिकतं. मात्र वर्षभर एकाच पद्धतीनं निगा राखली तर त्याचं जगणं कठीण होतं.

शास्त्रीय नाव अलोकेशिया रेजिन्युला. मूळ घर बोर्निओ बेटावरच्या साबाह भागात, चुनखडीच्या खडकांवरच्या जंगलात. विषुववृत्ताजवळच्या त्या भागात वर्षभर तापमानात फारसा फरक पडत नाही आणि हवा कायम दमट असते. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो, दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली येते. पावसाळ्यात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १० अंशांच्या खाली उतरतात. एवढे बदल सोसायची या झाडाला सवय नाही. म्हणून ऋतू बदलला की आपण आपली पद्धत बदलायची.

वार ठरवून पाणी घालणं

सर्वात जास्त रोपं याच चुकीनं जातात. ‘दर रविवारी आणि बुधवारी’ हा नियम मार्चमध्ये चालेलही, पण ऑगस्टमध्ये तोच नियम मुळं सडवतो. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत घाला. वरचा थर कोरडा आणि खाली जेमतेम ओल लागली, तरच पाणी द्या. द्याल तेव्हा मात्र कुंडीच्या खालून निथळेपर्यंत द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका.

उन्हाळ्यात पाण्याची वेळही सांभाळावी लागते. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी नळाला येतं तेव्हा हात पोळतो. ते थेट कुंडीत गेलं तर कोवळी मुळं भाजतात. सकाळी बादली भरून सावलीत ठेवा, तेच वापरा. बोअरचं पाणी जड असेल तर काही महिन्यांत मातीवर पांढरा थर दिसू लागतो. तेव्हा जड नसलेल्या साध्या पाण्यानं कुंडी दोन-तीनदा भरपूर धुऊन निथळू द्यावी. आरओमधून वाया जाणारं पाणी झाडांना घालायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. या रोपाला ते देऊ नका, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. एसीतून ठिबकणारं पाणी त्या मानानं चांगलं.

कूलरसमोर कुंडी ठेवणं

आपल्या शहरात या झाडाचा उन्हाळा कूलरच्या भरवशावरच निघतो. खसच्या ताट्यांमधून येणारी हवा गार आणि दमट असते आणि अलोकेशियाला नेमकं तेच हवं असतं. पण थेट झोतात ठेवलेल्या रोपाची पानं सतत हलत राहतात, पानांतलं पाणी झपाट्यानं उडून जातं आणि कडा तपकिरी होतात. खोली कूलरचीच असू द्या, पण कुंडी झोताच्या बाजूला, कोपऱ्यात ठेवा. एसीच्या खोलीत हवा कोरडी होते. तिथे ठेवायचं असेल तर काचेची जुनी मत्स्यपेटी किंवा झाकणाचा मोठा पारदर्शक डबा घ्या, त्यात कुंडी ठेवून झाकण थोडं उघडं राहू द्या. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वात कडक उन्हाच्या दिवसांत, हाच उपाय सर्वात खात्रीचा.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. कूलरच्या दमट खोलीत कुंडी हळू सुकते. बाहेर लू चालू आहे म्हणून आपण रोज पाणी ओततो आणि कुंडीतली ओल काही जात नाही. मग जूनअखेरीस पाऊस लागतो, हवा आधीच ओली, वर कूलर सुरूच. आधीच गुदमरलेली मुळं तेव्हा कुजतात. पाऊस स्थिरावला की कुंडी कूलरच्या खोलीतून हलवा, खिडकीची हवा लागू द्या आणि पाणी निम्म्यावर आणा.

अंगणातली काळी माती भरणं

कपाशीला मानवणारी आपली काळी माती या रोपाच्या मुळांवर बसते. ओली झाली की चिकट आणि सुकली की भेगाळते. चुनखडीच्या फटींत साचलेल्या पालापाचोळ्यात वाढणाऱ्या झाडाला मुळांशी हवा खेळती हवी. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पर्लाइट (पांढरे, हलके सच्छिद्र खडे) आणि झाडाच्या सालीचे तुकडे सारख्या प्रमाणात घ्या, मूठभर कोळशाचे खडे टाका. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुऊन पिळून घ्यायचं, त्यातही क्षार असतात. पर्लाइट नसेल तर विटेचे बारीक तुकडे चालतात. शेणखत घरातल्या कुंडीत टाळाच, ओलीत त्यावर बारीक चिलटं होतात.

कुंडी मुळांच्या गड्ड्याहून बोटभरच मोठी असावी. ‘पुढे वाढेल’ म्हणून मोठी घेतली की जिथवर मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. कुंडी बदलायला जुलै उत्तम. मेमध्ये किंवा थंडीत रोपाला हात लावू नका, खतही देऊ नका.

थंडीत रोप मेलं समजून फेकून देणं

डिसेंबरात पानं गळणं म्हणजे बहुतेक वेळा रोपाची विश्रांती असते. आपण मात्र घाबरून जास्त पाणी घालतो आणि झोपलेला कंद खरोखरच सडतो. कंद बोटानं दाबून पाहा. टणक असेल तर रोप जिवंत आहे. माती अगदी हाडासारखी कोरडी होणार नाही एवढंच पाणी अधूनमधून द्या, कुंडी रात्री खिडकीच्या काचेपासून आणि गार फरशीपासून दूर ठेवा. होळीच्या आसपास ऊब वाढली की नवा कोंब दिसतो.

एरवीही नवं पान येताना सर्वात जुनं पान पिवळं होऊन गळतं, त्यात काळजीचं कारण नाही. सकाळी पानाच्या टोकाला थेंब दिसतात, तोही रोग नव्हे. जास्तीचं पाणी झाड असं बाहेर टाकतं. धोप्याच्या, म्हणजे अळूच्या पानांवर हे आपण पाहिलेलं असतं आणि दोन्ही झाडं एकाच कुळातली आहेत. धोप्यासारखाच याचाही चीक खाजतो, कच्चं पान तोंडात गेलं तर जीभ-घसा जळतो. लहान मुलं, मांजर, कुत्रा यांच्यापासून कुंडी उंचावर ठेवा आणि कापाकापी करताना हातमोजे घाला.

प्रकाशाबद्दल थोडक्यात: पानं काळी म्हणून अंधार चालेल असं नाही. पूर्वेच्या खिडकीजवळ, पातळ पडद्याआड ठेवा. पश्चिमेचं ऊन एप्रिलपासून पानं जाळतं.

पानांवर पाणी फवारण्याचा फायदा काही मिनिटांपुरताच. उलट जड पाण्याचे पांढरे डाग मखमलीवर बसतात ते निघत नाहीत. खोबरेल किंवा चकाकीचं तेल लावू नका, धूळ मऊ ब्रशनं झटका.

उन्हाळ्यात पानाचा रंग उडाल्यासारखा, बारीक ठिपक्यांचा दिसू लागला तर पान उलटून शिरांजवळ पाहा. खाली पांढरा कागद धरून पान टिचकीनं झटका. कागदावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालू लागले तर तो लाल कोळी. तो कीटक नसल्यामुळे मावा-तुडतुड्यांची औषधं त्याच्यावर चालत नाहीत, काहींनी तर त्याचा जोर वाढतो. गंधक या किडीवर चालतं, पण नागपूरच्या उन्हाळ्यात त्यानं पानंच भाजतात. पानांची खालची बाजू साध्या पाण्याच्या धारेनं धुवा, मग सौम्य साबणाच्या पाण्यानं पुसा आणि दर चार-पाच दिवसांनी हेच करत राहा. नवी अंडी फुटत असतात, म्हणून एकदा धुऊन भागत नाही.

माती ओली असूनही पानं लोंबायला लागली तर वाट पाहू नका, रोप लगेच कुंडीतून काढा. पांढरी, टणक मुळं ठेवा. तपकिरी, लिबलिबीत, वास येणारी सगळी स्वच्छ ब्लेडनं कापा. कंदाचा मऊ भागही काढून टाका, जखम तासभर सुकू द्या. मग ओलसर पर्लाइटमध्ये रोवून पारदर्शक डब्यात, उन्हापासून दूर उजेडात ठेवा. काढलेली माती टाकण्याआधी बोटांनी चाळून घ्या. त्यात चण्याएवढे तपकिरी गोल गड्डे सापडतात. टणक असतील ते ओलसर मॉसवर (रोपवाटिकेत मिळणाऱ्या शेवाळावर) ठेवून डब्याचं झाकण लावलं की काही आठवड्यांत त्यांना कोंब येतात. मोठं रोप गेलं तरी त्यातून दुसरी रोपं तयार होतात.