टाकसाळ चिन्हावरून नाण्याची किंमत कशी जोखावी

जुने नाणे हाती आले की बहुतेकांची नजर आधी सालावर आणि राजाच्या मुखवट्यावर जाते. मुरलेला संग्राहक मात्र सालाच्या आसपासची चिमुकली जागा तपासतो, कारण ते नाणे कोणत्या टाकसाळीत पाडले, हे सांगणारी खूण तिथे असते. एकाच साली, एकाच दर्शनी मूल्याची नाणी दोन-तीन टाकसाळींत पाडली जातात. एका ठिकाणी कोट्यवधी आणि दुसरीकडे त्या मानाने मोजकी, असेही घडते. त्यामुळे चिन्हाला स्वतःची अशी किंमत नसते. साल, दर्शनी मूल्य आणि चिन्ह ही तिन्ही एकत्र वाचली, तरच नाणे दुर्मिळ आहे की सर्वसाधारण, हे ठरवता येते.

नाणे कडेने धरावे, खिडकीतला उजेड त्यावर तिरका पडू द्यावा आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून सालाखाली पाहावे. आजच्या भारतीय नाण्यांवर पत्त्यातल्या चौकटसारखी खूण असेल तर ते मुंबईचे, पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबादचे आणि गोल ठिपका असेल तर नोएडाचे असते; कोलकात्याच्या नाण्यावर कोणतीच खूण नसते. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या नाण्यांवर) पूर्वी ‘बी’ हे इंग्रजी अक्षर असे आणि शहराचे नाव बदलल्यानंतर तिथे ‘एम’ आले. ठिपक्याच्या बाबतीत मात्र घाई करू नये. नोएडाची टाकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली, तर ब्रिटिश काळात मुंबईच्या कित्येक नाण्यांवर ठिपकाच असे. साल न पाहता ठिपका वाचणारा माणूस हमखास फसतो.

खुणेइतकीच तिची जागाही महत्त्वाची असते. १९८५ चा एक रुपया हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्या सुमारास देशात मोडीची टंचाई होती, म्हणून सरकारने परदेशांतूनही नाणी पाडून घेतली. वेल्समधील रॉयल मिंटच्या रुपयावर चौकट आहे, पण ती सालातल्या पहिल्या आकड्याखाली आहे; मुंबईच्या रुपयावर ती सालाच्या मध्याखाली असते. बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीच्या रुपयावर ‘एच’ हे अक्षर आहे. असा रुपया लाखाला विकला जातो, अशा चित्रफिती अधूनमधून फिरत असतात, परंतु ही नाणी कोट्यवधींच्या संख्येने पाडलेली असल्याने परदेशी खूण दिसली म्हणून हुरळून जाण्याचे कारण नाही.

ब्रिटिश काळातील नाण्यांवर अधिक वेळ घालवावा, कारण खरा फरक तिथे पडतो आणि फसवणूकही तिथेच होते. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुंबईचा ठिपका सालाखालच्या फुलाजवळ असतो, तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाहोरला पाडलेल्या नाण्यांवर ‘एल’ हे अक्षर आहे. सर्वांत प्रसिद्ध आहे तो सहाव्या जॉर्जचा १९३९ चा मुंबईत पाडलेला रुपया. तो फारच थोडा उपलब्ध असल्यामुळे १९३८ च्या रुपयातला ‘८’ कोरून त्याचा ‘९’ केलेली नाणी बाजारात येतात. शेवटच्या आकड्याचा पृष्ठभाग शेजारच्या ‘३’ पेक्षा खरवडलेला किंवा बुटका वाटत नाही ना, हे भिंगातून नीट पाहावे. नाणे सोनाराच्या काट्यावर ठेवावे. या रुपयाचे मूळ वजन ११.६६ ग्रॅम आहे. टाकसाळ चिन्हाचीही अशीच खाडाखोड होते. म्हणून खूण नसलेले नाणे लगेच कोलकात्याचे न मानता, ती जागा घासलेली तर नाही ना, याची खात्री करावी.

यानंतर प्रश्न उरतो तो नाण्याच्या अवस्थेचा, आणि माझ्या मते आपल्याकडे सर्वाधिक नुकसान इथेच होते. आजीच्या डब्यातला चांदीचा रुपया सापडला की आधी त्याला चिंच लावली जाते, मग रांगोळीने तो लख्ख घासला जातो. त्यात वर्षानुवर्षे चढलेली काळसर झाक आणि मूळची चकाकी दोन्ही जातात, बारीक ओरखडे तेवढे उरतात. हारात ओवण्यासाठी कडी झाळलेल्या रुपयाचे तेच. अशा नाण्यावर दुर्मिळ टाकसाळीची खूण असली, तरी त्याला न घासलेल्या नाण्याच्या तुलनेत कमीच भाव मिळतो.

भाव पाहताना विक्रेत्याने सांगितलेली किंमत नव्हे, तर लिलावात नाणे प्रत्यक्ष ज्या किमतीला गेले ती पाहावी, तीही त्याच सालाच्या, त्याच टाकसाळीच्या आणि तशाच अवस्थेतील नाण्याची. विकण्याआधीच कोणी ‘रिझर्व्ह बँकेचे शुल्क’ किंवा कर म्हणून पैसे मागितले, तर व्यवहार तिथेच थांबवावा. जुन्या नाण्यांच्या विक्रीत आपण कोणतेही शुल्क वा दलाली घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले आहे.