दोन माणसांत नाही, चार माणसांत चालवा : पुण्यात छोट्या गाड्यांची तुलना कशी करावी

शोरूममधून निघायचं, दोन सिग्नल, एक यू-टर्न आणि दहा मिनिटांत परत. एवढ्या टेस्ट ड्राइव्हमध्ये आजची कुठलीही १.२ लिटरची हॅचबॅक छानच वाटते. गाड्यांमधला फरक कळायला चढ हवा, भरलेली गाडी हवी आणि दर वेळी तोच रस्ता हवा. पुण्यात या तिन्ही गोष्टी सहज जमतात.

आधी तीन गाड्या उदाहरणाला घेऊन कागदावरचे आकडे पाहू. स्विफ्टचं तीन सिलिंडरचं इंजिन सुमारे ८२ पीएस ताकद देतं, ग्रँड आय१० निऑसचं चार सिलिंडरचं ८३ आणि टियागोचं तीन सिलिंडरचं ८६. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढण्याचा जोर, तिन्हींत ११२ ते ११४ एनएमच्या आसपास. म्हणजे जवळपास बरोबरी. फरक आहे तो हा टॉर्क कुठल्या आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना, मिळतो त्यात. टियागोत सर्वाधिक टॉर्क ३३०० ला मिळतो, निऑसमध्ये ४००० ला, स्विफ्टमध्ये ४३०० ला. पीएसचा मोठा आकडा तर ५७०० ते ६००० आरपीएमला मिळतो आणि शहरात इंजिन तिथवर फारसं कोणी नेत नाही. आपण वावरतो १५०० ते २५०० मध्ये. तिथे गाडी कशी ओढते हे इंजिनाइतकंच गिअरच्या प्रमाणावर आणि वजनावर ठरतं, आणि ते माहितीपत्रक वाचून कळत नाही.

वजनाचा हिशेब मात्र निघण्याआधीच करा. स्विफ्टचं रिकामं वजन सुमारे ९२० किलो. तुम्ही आणि शोरूमचा माणूस मिळून १४० किलो धरले, तर टनामागे ७७ पीएस मिळतात. चार मोठी माणसं आणि ५० किलो सामान भरलं की तोच आकडा ६६ वर येतो. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. हवा विरळ असल्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची पाच-सहा टक्के ताकद इथे आधीच कमी झालेली असते. म्हणून गाडीत एकूण चार माणसं होतील असेच जा, तुम्ही आणि शोरूमचा माणूस त्यातच आले. तिन्ही गाड्यांना तीच माणसं हवीत. एका गाडीत दोघं आणि दुसरीत चौघं बसले, तर ती तुलनाच होत नाही.

तयारी थोडी आहे, पण चुकवू नका. गाडी तुम्ही घेणार तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स आणि शक्यतो त्याच मापाच्या टायरची मागा. टायरमधली हवा थंड असताना तपासून ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढी करून घ्या. हवा जास्त भरलेली असेल तर चांगली गाडीही खड्ड्यात आदळते आणि आपण दोष सस्पेन्शनला देतो. एसी पूर्ण वेळ चालू ठेवा, कारण त्याचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच ताकदीवर फिरतो. सगळ्या गाड्या शक्यतो एकाच दिवशी, एकाच सुमारास चालवा. रविवारी सकाळी सात-आठची वेळ सोयीची, पण त्या वेळेला गाडी मिळावी म्हणून आधी सांगून ठेवावं लागतं.

रस्ता असा घ्या : स्वारगेट, सातारा रस्ता, कात्रज चौक, जुना कात्रज घाट, जुना बोगदा, उतरून शिंदेवाडी, तिथून महामार्गाने नव्या बोगद्यातून नवले पूल आणि सिंहगड रस्त्याने परत. साधारण ३० किलोमीटरच्या या फेरीत सिग्नल, चढ, वळणं, उतार आणि महामार्ग सगळं येतं.

पहिला टप्पा सिग्नलचा. क्लच कुठे पकडतो आणि दहाव्या सिग्नलला डावा पाय भरून येतो का, ते पाहा. पहिल्या गिअरमध्ये फक्त क्लच सोडून, अॅक्सिलरेटरला पाय न लावता गाडी रांगते का? लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत रोज हेच करायचं असतं. थांबल्यावर गिअरच्या दांड्यावर हात ठेवा. तीन सिलिंडरचं इंजिन थोडं थरथरतंच. ती थरथर तुम्हाला चालणार आहे की नाही, एवढंच ठरवायचं.

खरी परीक्षा घाटात. आखूड वळणावर वेग १५ ते २० वर आला की पहिला गिअर न टाकता दुसऱ्यातच हळूहळू अॅक्सिलरेटर दाबा. गाडी सरळ ओढत गेली तर उत्तम. इंजिन धडधडलं, खडखडल्यासारखा आवाज आला, तर लगेच पहिला टाका, ताणू नका. संपूर्ण चढात किती वेळा पहिला टाकावा लागला, ते मागे बसलेल्याने मोजायचं. आमच्या मते गाडी निवडताना हा एक आकडा सगळ्या पीएसपेक्षा मोलाचा आहे. नंतर जिथे सरळ चढ मिळेल तिथे तिसऱ्या गिअरमध्ये ४० चा वेग टिकतो का, ते पाहा. टिकत नसेल तर सुट्टीत महाबळेश्वरला जाताना प्रत्येक ट्रकमागे अडकून राहावं लागेल.

एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नसलेला, आपोआप बदलणारा गिअरबॉक्स घेणार असाल तर घाटात दुप्पट लक्ष द्या. एएमटीत क्लच असतोच, तो फक्त यंत्र दाबतं. गिअर बदलताना ताकद क्षणभर तुटते आणि माणसं पुढे डुलतात. वळणाच्या ऐन मध्यावर असं झालं तर चालवणारा गोंधळतो. अॅक्सिलरेटर किंचित सोडून धरला की हिसका कमी होतो. ते जमत नसेल तर मॅन्युअल मोड वापरून पाहा. चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी किती मागे येते आणि हिल होल्ड (चढावर निघताना गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) आहे का, हे मागे वाहन नसताना तपासा. चढावर नुसत्या अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, क्लच तापून जळतो.

घाट उतरताना दुसरा गिअर ठेवा. ज्या गाडीचा वेग इंजिनच आवरतं, तिचे ब्रेक कमी तापतात. नवले पुलाकडच्या लांब उतारावर तर न्यूट्रल अजिबात नको. तिथे जड वाहनांचे ब्रेक निकामी होऊन अपघात झालेले आहेत. मागे लक्ष ठेवा आणि फलकावरची वेगमर्यादा पाळा.

महामार्गावर सपाट, मोकळा पट्टा मिळाला की तिसऱ्या गिअरमध्ये ३० ते ६० ला किती सेकंद लागतात, ते शेजारच्याने मोबाइलवर मोजावं. वेग जीपीएसवर पाहा, कारण गाडीचा काटा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो. दोन्ही दिशांना तीन-तीन वेळा मोजून सरासरी काढा. एकदाच मोजलेला आकडा वारा आणि उतार फसवून जातात. ८० ला स्टिअरिंग सैल वाटतं का, शेजारून ट्रक गेला की गाडी हलते का, याचीही नोंद करा.

गतिरोधक चौघं बसलेले असतानाच, अगदी हळू ओलांडा. ग्राउंड क्लिअरन्सचा छापील आकडा सहसा रिकाम्या गाडीचा असतो. भरल्यावर मागची बाजू बसते आणि पोट घासतं. खड्ड्याबद्दल मत मागच्या सीटवरच्याला विचारा, चालवणाऱ्याला तो निम्माच जाणवतो.

सीएनजी घ्यायची असेल तर फेरी सीएनजीवरच मारा. स्विफ्ट सीएनजीवर सुमारे ७० पीएसवर येते, वर टाकीचं वजन मागे. पेट्रोलवर चालवून सीएनजी गाडी घेतली, तर पहिल्याच घाटात हिरमोड होतो.

राहिलं मायलेज. ते टेस्ट ड्राइव्हमध्ये कळत नाही. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. त्यासाठी तेच मॉडेल एक दिवस सेल्फ-ड्राइव्ह भाड्याने घ्या. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या त्या गाड्या. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, किमान २०० किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर, त्याच नोझलने पुन्हा तसंच भरा. किलोमीटर भागिले लिटर. टाकी भरताना अर्ध्या लिटरची चूक होतेच. १०० किलोमीटरला सहा लिटर लागले असतील तर ती आठ टक्क्यांची चूक, २०० ला चारच टक्क्यांची. स्विफ्ट मॅन्युअलचा जाहीर आकडा लिटरला २४.८ किलोमीटर आहे, पण असे आकडे प्रयोगशाळेत रोलरवर, ठरावीक वेगाच्या चक्रावर काढलेले असतात. तिथे कात्रजचा चढही नसतो आणि मागे बसलेली दोन माणसंही नसतात.